क्रॉनिक ल्युकेमियात औषधांची जोडी: कधी कामाची, कधी नाही

मात्रा (धागाकर्ती)

रक्तविकार विभागाच्या औषधकक्षात काम करताना दोन प्रश्न सारखे कानावर येतात. सीएमएलचे रुग्ण विचारतात, "एवढा मोठा आजार आणि एकच गोळी? जोडीला काही नको?" सीएलएलच्या रुग्णांच्या घरचे विचारतात, "एका गोळीवर बरं चाललंय, तर हे दुसरं औषध कशाला?" खिडकीवर उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मी औषधनिर्माती आहे, डॉक्टर नाही. कुणाला काय द्यायचं हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

आधी एक गल्लत दूर करू. 'क्रॉनिक ल्युकेमिया' या नावाखाली मुख्यतः दोन वेगळे आजार येतात आणि औषधांच्या जोडीचा हिशोब दोन्हीकडे निराळा आहे.

पहिला सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. १९६० मध्ये पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक नेहमीपेक्षा लहान गुणसूत्र दिसलं, तेच फिलाडेल्फिया गुणसूत्र. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून बीसीआर-एबीएल हा जोडजनुक तयार होतो आणि त्याचं प्रथिन पेशीला 'वाढ, वाढ' असा हुकूम देत राहतं. एकच बिघाड, म्हणून त्यावर एकच नेमकं औषध. २००१ मध्ये इमॅटिनिबला अमेरिकेत मान्यता मिळाली.

त्या औषधाची मोठी चाचणी झाली ती आयरिस. ११०६ रुग्ण. एका बाजूला एकटं इमॅटिनिब आणि दुसऱ्या बाजूला इंटरफेरॉन अधिक सायटाराबिन, म्हणजे तेव्हाची चांगली मानली जाणारी जोडी. दीड वर्षानंतर फिलाडेल्फिया गुणसूत्र मज्जेतून दिसेनासं झालेले रुग्ण इमॅटिनिबच्या गटात ७६ टक्के आणि जोडीच्या गटात साधारण १४ टक्के. एकट्या गोळीने जोडीला मागे टाकलं. पुढे इमॅटिनिब गटातले ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनीही हयात होते. ज्या आजारात पूर्वी काही वर्षांचीच मुदत सांगितली जायची, त्याची ही कथा.

दुसरा सीएलएल, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. इथे एकच गुन्हेगार नाही. बी-लिम्फोसाइट पेशी भरभर वाढतात असंही नाही, त्या वेळेवर मरत नाहीत ही अडचण. बीसीएल-२ नावाचं प्रथिन त्यांना मरू देत नाही. शिवाय लसिकागाठींमध्ये शेजारच्या पेशींकडून जगण्याचे संदेश मिळत राहतात. त्यामुळे एकाच औषधाने आजार दबतो, पण सहसा पुरता निघत नाही. औषधांच्या जोडीने खरा फरक पाडला तो इथे.

माझं म्हणणं एवढंच आहे: औषधांची संख्या वाढली म्हणजे उपचार भारी झाला, असं नसतं. दोन औषधं पेशीला दोन वेगळ्या बाजूंनी अडवत असतील, त्यांचे त्रास एकमेकांवर चढत नसतील आणि जोडीमुळे काहीतरी ठोस हाती लागत असेल (बहुतेकदा, औषध कधीतरी थांबवता येणं), तरच जोडी कामाची. नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या.

सीएलएलचा प्रवास पाहा. कितीतरी दशकं क्लोरॅम्ब्युसिल एकटंच होतं. मग फ्लुडाराबिन आलं, त्याला सायक्लोफॉस्फामाइडची जोड मिळाली आणि मग रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड: एफसीआर. जर्मन गटाच्या सीएलएल-८ या ८१७ रुग्णांच्या चाचणीत एफसीआरने तीन वर्षांनी ६५ टक्के रुग्णांचा आजार पुढे सरकला नव्हता, रिटुक्सिमॅबशिवाय हाच आकडा ४५. आणि रुग्ण जगलेही जास्त: ८७ विरुद्ध ८३ टक्के. सीएलएलमध्ये पहिल्या उपचाराच्या निवडीने आयुष्य वाढतं हे इथे पहिल्यांदा नीट सिद्ध झालं. पण एफसीआर वयस्कांना झेपत नाही, जंतुसंसर्ग होतात आणि काहींना पुढे मज्जेचा दुसरा आजार होतो. सीएलएल तर मुख्यतः उतारवयातच होतो.

म्हणून पुढची पायरी केमोविना जोड्या. व्हेनेटोक्लॅक्स थेट बीसीएल-२ ला धरतं. त्याला ओबिनुटुझुमॅब या प्रतिपिंडाची जोड देऊन सीएलएल-१४ ही चाचणी झाली, इतर व्याधी असलेल्या ४३२ रुग्णांवर. बारा सायकल (साधारण महिन्याची एक फेरी) झाल्या की औषध बंद. दोन वर्षांनी ८८ टक्के रुग्णांचा आजार शांत होता, तुलनेच्या गटात ६४. औषध बंद होऊन पाच वर्षं उलटली तरी निम्म्याहून जास्त रुग्णांचा आजार पुढे सरकलेला नव्हता.

आता तुमचे प्रश्न येऊ द्या.

---

चैत्रपालवी

मात्राताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझ्या बाबांना (वय ६८) सीएलएल आहे. काही वर्षं नुसतं लक्ष ठेवून होते, आता मानेतल्या आणि काखेतल्या गाठी वाढल्या आहेत, हिमोग्लोबिन उतरतंय. डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले. एक, रोज गोळी आणि ती कायम चालू. दुसरा, दोन औषधं एकत्र पण ठरावीक मुदतीची. आयजीएचव्ही आणि टीपी५३ या जनुकांचे रिपोर्ट यायचे आहेत. बाबा म्हणतात, "संपणारं औषध दे मला." आईला मात्र दोन औषधांची भीती वाटते. मी मधे अडकले आहे.

---

रक्तपेशी

मी रक्तविकारतज्ज्ञ आहे. चैत्रपालवी, तुमच्या वडिलांचा खटला मी इथून चालवू शकत नाही, पण दोन पर्यायांमागचं तर्कशास्त्र सांगतो.

कायम चालणारी गोळी म्हणजे बीटीके (पेशीला जगण्याचे संदेश पोचवणारं प्रथिन) रोखणारी: इब्रुटिनिब, अ‍ॅकॅलाब्रुटिनिब, झानुब्रुटिनिब. या गोळीचं एक वैशिष्ट्य रिपोर्टवर दिसतं आणि घरचे घाबरतात. गोळी सुरू केल्यावर गाठी भराभर उतरतात, शर्टाची कॉलर पुन्हा सैल होते, पण रक्तातला लिम्फोसाइटचा आकडा *वाढतो*. पन्नास हजारांचे लाखावर जातात. आजार बळावला म्हणून नव्हे. गाठींमध्ये घट्ट धरून बसलेल्या पेशींची पकड सुटते आणि त्या रक्तात येतात. तिथे त्यांना पोसणारे शेजारी नसतात, म्हणून त्या हळूहळू मरतात. हळूहळू. कधी कधी वर्ष लागतं. आणि तळाशी काही उरतातच, म्हणून गोळी थांबवता येत नाही.

आता व्हेनेटोक्लॅक्स. ते रक्तातल्या आणि मज्जेतल्या पेशी झपाट्याने मारतं, मोठ्या गाठींमध्ये त्याची चाल जरा मंद. शिवाय बीटीके रोखल्यावर पेशींचं जगणं बीसीएल-२ वर आणखीच अवलंबून राहतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणजे पहिली गोळी पेशींना बिळातून हुसकावते आणि दुसरी उघड्यावर गाठते. नुसती बेरीज नाही ही, एक दुसऱ्यासाठी रस्ता करून देतं. म्हणूनच बऱ्याच आखण्यांत आधी तीन सायकल फक्त बीटीकेची गोळी आणि मग व्हेनेटोक्लॅक्स असा क्रम असतो.

ब्रिटनच्या फ्लेअर चाचणीत इब्रुटिनिब-व्हेनेटोक्लॅक्स ही जोडी एफसीआरसमोर उभी केली. ५२३ रुग्ण. तीन वर्षांनी आजार न वाढलेले ९७ टक्के विरुद्ध ७७ टक्के. त्यात औषध कधी थांबवायचं हे सर्वांना एकसारखं नव्हतं; दहा हजार पेशींत एकही रोगी पेशी सापडेनाशी झाली का, किती काळात झाली, त्यावरून प्रत्येकाची मुदत ठरत होती. मला स्वतःला ही दिशा फार आशादायक वाटते.

तुमच्या आईंची भीती मात्र उडवून लावू नका. इब्रुटिनिबने हृदयाची लय बिघडू शकते, रक्तदाब वाढतो. वयस्क आणि इतर आजार असलेल्यांवरच्या ग्लो या चाचणीत जोडीच्या गटात उपचार चालू असताना हृदयविकाराने किंवा अचानक असे काही मृत्यू झाले. म्हणून वडिलांना हृदयाचा त्रास आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे जोडी ठरवण्याआधी पाहायला हवं.

---

संख्यावेडा

चांगला धागा. दोन शंका आहेत, दोन्ही आकड्यांच्या.

सीएलएल-१४ मध्ये तुलना कुणाशी होती? क्लोरॅम्ब्युसिल-ओबिनुटुझुमॅबशी. क्लोरॅम्ब्युसिल तसं दुबळं औषध. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला हरवलं की आकडे डोळ्यांत भरतात. फ्लेअरलाही हेच थोडंफार लागू. मला हवी आहे ती तुलना म्हणजे नवी जोडी विरुद्ध नवी एकटी गोळी.

आणि जोडीने काहीच फरक न पडल्याची उदाहरणंही द्या. नाहीतर धागा एकतर्फी होईल.

---

मात्रा

संख्यावेडा, दुसऱ्या शंकेचं उत्तर हाताशी आहे आणि ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

अमेरिकेतल्या अलायन्स गटाची चाचणी, ६५ आणि त्यापुढचे ५४७ रुग्ण, तीन गट. बेंडामुस्टिन-रिटुक्सिमॅब, एकटं इब्रुटिनिब, आणि इब्रुटिनिब-रिटुक्सिमॅब. दोन वर्षांनी आजार न वाढलेले अनुक्रमे ७४, ८७ आणि ८८ टक्के. शेवटचे दोन आकडे पाहा. रिटुक्सिमॅब जोडून काहीही हाती लागलं नाही. तेच रिटुक्सिमॅब फ्लुडाराबिन-सायक्लोफॉस्फामाइडमध्ये मिसळलं तेव्हा आयुष्य वाढलं होतं! औषध तेच, जोडीदार बदलला आणि गुण गेला. इब्रुटिनिब रिटुक्सिमॅबच्या कामात थोडा अडथळाही आणतं, असं प्रयोगशाळेतलं निरीक्षण आहे.

याहून वाईट म्हणजे नुकसान करणाऱ्या जोड्या. इडेलालिसिब या गोळीला इतर औषधांच्या जोडीने पहिल्याच उपचारात आणण्याचे प्रयोग चालू होते. २०१६ मध्ये ते थांबवावे लागले, कारण जोडी घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने मृत्यू जास्त होत होते. आजार आटोक्यात येत होता आणि माणूस न्यूमोनियाने जात होता. सीएलएलमध्ये प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली असते. तिच्यावर दोन बाजूंनी घाव घालणारी जोडी कागदावर कितीही देखणी असो, निरुपयोगी.

जोडीत नेमका कोण हेही महत्त्वाचं. सीएलएल-१३ मध्ये ९२६ धडधाकट रुग्णांवर तीन व्हेनेटोक्लॅक्स-जोड्या केमोशी ताडून पाहिल्या. ओबिनुटुझुमॅबबरोबरची जोडी सरस ठरली. रिटुक्सिमॅबबरोबरची नाही. दोन्ही प्रतिपिंडं बी-पेशींवरच्या सीडी२० या एकाच प्रथिनाला चिकटतात, तरीही.

---

रक्तपेशी

पहिल्या शंकेबद्दल: रास्त आक्षेप. मान्य. पण ज्या रुग्णांवर सीएलएल-१४ झाली त्यांच्यासाठी चाचणी आखली गेली तेव्हा क्लोरॅम्ब्युसिल-ओबिनुटुझुमॅब हाच प्रचलित उपचार होता. मुद्दाम दुबळा गडी निवडला असं नाही.

---

जुना गडी

मी सीएमएलचा रुग्ण, इमॅटिनिबवर बरीच वर्षं काढली आहेत. पीसीआर रिपोर्ट (रक्तात बीसीआर-एबीएल किती उरलाय ते) आता ०.०१ टक्क्याच्या आसपास येतो, कधी खाली, कधी जरासा वर. पायात गोळे येतात, सकाळी डोळ्यांखाली सूज असते, बाकी ठणठणीत. सगळी चर्चा सीएलएलचीच दिसतेय. आमच्यासाठी जोडी नाही का? मला जोर वाढवायचा नाही. मला गोळी बंद करायची आहे. इंटरफेरॉन सोबत घेतलं तर जमेल का, असं कुठेतरी वाचलं होतं.

---

मात्रा

काका, तुमचा प्रश्न या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे.

इमॅटिनिब वाढणाऱ्या पेशी मारतं. पण मज्जेत काही मूळ रोगी पेशी निवांत पडून असतात, त्या जगण्यासाठी बीसीआर-एबीएलवर विसंबलेल्या नसतात. गोळी त्यांना लागतच नाही. गोळी बंद केली की काहींच्या बाबतीत त्यातूनच आजार परत उगवतो. जोडीची कल्पना इथून येते: गोळी पीक कापेल, दुसरं काहीतरी मुळांपर्यंत पोचेल.

इंटरफेरॉनचा सर्वांत चांगला निकाल फ्रान्सच्या स्पिरिट चाचणीत आला. इमॅटिनिबला पेगिलेटेड इंटरफेरॉन जोडल्यावर वर्षभरात खोलवर प्रतिसाद मिळालेले ३० टक्के, एकट्या इमॅटिनिबवर १४. दुप्पट! पण जवळपास निम्म्या लोकांनी पहिल्याच वर्षात इंटरफेरॉन सोडून दिलं. सततची कणकण, थकवा, मन खचणं, काउंट उतरणं. आणि जर्मनीच्या सीएमएल-४ चाचणीत इंटरफेरॉन जोडल्याने आयुष्य वाढलं नाही. इमॅटिनिबवरच लोक इतकी वर्षं जगतात की त्यावर भर घालायला फारशी जागा उरत नाही.

पायोग्लिटाझोन, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, व्हेनेटोक्लॅक्स अशीही औषधं गोळीला जोडून पाहिली गेली आहेत. रोजच्या उपचारात बसावं इतका भक्कम पुरावा अजून त्यातल्या कशाचाच नाही. आजार ब्लास्ट फेजमध्ये (अ‍ॅक्यूट ल्युकेमियासारख्या शेवटच्या टप्प्यात) गेला तर गोष्ट वेगळी, तिथे गोळीबरोबर केमो देतातच.

गोळी बंद करण्याचा मार्ग मात्र जोडीशिवायही खुला आहे. फ्रान्समध्येच स्टिम नावाची चाचणी झाली. किमान दोन वर्षं रिपोर्टमध्ये बीसीआर-एबीएल सापडलाच नाही अशा १०० रुग्णांचं इमॅटिनिब थांबवलं. वर्षभरानंतर सुमारे ४० टक्के गोळीविना ठीक होते. ज्यांचा आजार परतला त्यांच्यातल्या बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांत परतला आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर आटोक्यात आला. म्हणून पहिले महिने दर महिन्याला पीसीआर लागतो, तोही भरवशाच्या लॅबमधून.

तुमचा ०.०१ म्हणजे एमआर ४ या खोल प्रतिसादाच्या पातळीची सीमारेषा. आकडा तिच्या खाली स्थिर राहायला हवा, मग बंद करण्याचा विषय निघतो. आपल्या मनाने गोळी सोडू नका, कृपा करून.

---

जुना गडी

समजलं. नाही सोडणार. नवीन ते असिमिनिब ऐकलं, ते काय?

---

रक्तपेशी

बाकी सगळ्या गोळ्या (इमॅटिनिब, डासाटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब, पोनाटिनिब) बीसीआर-एबीएलच्या एकाच खाचेत बसतात, जिथे एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू बसतो. असिमिनिब वेगळ्या ठिकाणी, मिरिस्टॉइल खिशात बसतं. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, सध्या मुख्यतः एकटंच वापरतात. पण दोन गोळ्या एकाच प्रथिनावर दोन ठिकाणी एकाच वेळी बसू शकतात, म्हणून जोडीची शक्यता इथे खरोखर चांगली आहे. उंदरांवरच्या एका प्रयोगात असिमिनिब आणि निलोटिनिब एकेकटे दिले तेव्हा आजार काही काळाने उलटला, दोन्ही एकत्र दिल्यावर उलटला नाही. माणसांत इमॅटिनिबला असिमिनिब जोडण्याच्या चाचण्या झाल्या आहेत.

---

संख्यावेडा

हे गणिताच्या दृष्टीने फार सुंदर आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

समजा, एका औषधाला दाद न देणारी पेशी दहा लाखांत एक असते. दुसऱ्या औषधाला दाद न देणारीही दहा लाखांत एक. तर दोन्हींना एकदम दाद न देणारी पेशी एक लाख कोटींत एक. (आकडे कल्पित आहेत, मुद्दा गुणाकाराचा आहे.) शरीरात रोगी पेशी कोट्यवधी असतात, त्यामुळे एका औषधातून निसटणारी पेशी बहुधा आधीच कुठेतरी बसलेली असते. दोन्हींतून निसटणारी बहुधा नसतेच. क्षयरोगात एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला जंतू निर्ढावले तेव्हा दुसरं औषध जोडलं ते याच कारणाने. १९६० च्या दशकात लहान मुलांच्या अ‍ॅक्यूट ल्युकेमियात फ्राय आणि फ्रायराइक यांनी चार औषधं एकत्र दिली, त्यामागेही हाच विचार होता.

पण गुणाकार तेव्हाच चालतो जेव्हा निसटायच्या वाटा एकमेकींपासून स्वतंत्र असतात. एकाच बदलाने पेशी दोन्ही औषधांतून सुटत असेल तर जोडी देऊन उपयोग काय? इमॅटिनिब आणि निलोटिनिब एकत्र देण्यात अर्थ नाही तो यासाठीच. टी३१५आय हा एकच बदल झाला की दोन्ही निकामी.

---

मात्रा

+१. आणि याच नियमाची दुसरी बाजू: औषध जितकं लांबवर एकट्याने चालू राहतं, तितकी पेशींना वाट शोधायला फुरसत मिळते. कायम चाललेल्या इब्रुटिनिबवर बीटीकेचा सी४८१एस हा बदल उगवतो, कायम चाललेल्या व्हेनेटोक्लॅक्सवर बीसीएल-२ चा जी१०१व्ही. मुदतीची जोडी देऊन थांबलं तर पेशींवरचा तो दाब निघून जातो आणि आजार परतला तरी बऱ्याच वेळा तीच औषधं पुन्हा लागू पडतात. म्हणजे थांबण्याचा फायदा केवळ गोळीच्या त्रासातून सुटका एवढाच नाही. पुढच्या डावासाठी हत्यार शाबूत राहतं.

---

उनाड वारा

मी रुग्ण नाही, माझ्या भावाला सीएमएल आहे. तुम्ही औषधांच्या जोडीबद्दल बोलताय, मग वनौषधींची जोड का नको? नैसर्गिक असतं, त्रास नाही. तो गोळीबरोबर दोन-तीन प्रकारची कॅप्सूल घेतो.

---

मात्रा

उनाड वारा, तुम्ही हे विचारलंत ते फार चांगलं झालं, कारण बरेच जण हे डॉक्टरांपासून लपवतात.

वनस्पतीतून आलेलं म्हणून निरुपद्रवी असं समजू नका. व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतून येतं आणि ते केमोच आहे. मुद्दा यकृताचा आहे. इमॅटिनिब, इब्रुटिनिब, व्हेनेटोक्लॅक्स ही सगळी औषधं मुख्यतः सीवायपी३ए या विकराकडून फोडली जातात. सेंट जॉन्स वर्ट ही मन उदास असताना घेतली जाणारी वनस्पती त्या विकराचा वेग वाढवते. परिणामी इमॅटिनिबची रक्तातली पातळी घसरते. गोळी रोज पोटात जाते आणि तरी पीसीआरचा आकडा वर चढतो. डॉक्टरांना वाटतं औषध निर्ढावलं. उलट द्राक्षफळ, म्हणजे ग्रेपफ्रूट, आणि क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल अशी औषधं तो विकर अडवतात, मग पातळी वाढून त्रास होतो.

भावाच्या सगळ्या कॅप्सूल डब्यांसकट एका पिशवीत घालून पुढच्या भेटीला घेऊन जा. नावं तोंडी सांगू नका, डबेच दाखवा. डब्यामागे घटकांची यादी असते, तीच लागते.

---

उनाड वारा

यातलं हे काहीच माहीत नव्हतं. त्याला आजच सांगतो.

---

सांजवेळ

एक विचारू का? माझ्या मावशीला सीएलएल आहे, पण डॉक्टर 'नुसतं लक्ष ठेवू' म्हणतात. एवढ्या चांगल्या जोड्या आल्या आहेत तर आताच देऊन आजार मुळातून का काढत नाहीत? वाट पाहण्यात वेळ जात नाही का?

---

रक्तपेशी

वाट पाहणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे. त्रास नसताना लवकर क्लोरॅम्ब्युसिल देऊन पाहिलं गेलं, आयुष्य वाढलं नाही. इब्रुटिनिब लवकर देऊन पाहिलं, आजार लांबला पण रुग्ण जास्त जगले नाहीत, औषधाचे त्रास मात्र झाले. मुदतीच्या जोड्या लवकर देण्याच्या चाचण्या चालू आहेत. तोवर गाठी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स, वजन, रात्रीचा घाम यांवर नजर ठेवायची आणि लसी वेळेवर घ्यायच्या.

---

चैत्रपालवी

रिपोर्ट आले. टीपी५३ मध्ये बदल नाही, १७पी (१७ व्या गुणसूत्राचा तो जनुक असलेला भाग) शाबूत. आयजीएचव्ही अनम्युटेटेड, म्हणजे त्या जनुकात बदल झालेला नाही. डॉक्टरांनी व्हेनेटोक्लॅक्स-ओबिनुटुझुमॅब सुचवलं आहे, वर्षभराचं. बाबा खूश आहेत. पण पहिले काही आठवडे सारखं रक्त तपासावं लागेल आणि एखादा दिवस दाखल व्हावं लागेल म्हणाले. आईने तेवढंच ऐकलं आणि पुन्हा घाबरली. औषध इतकं जहाल आहे का?

---

मात्रा

औषध फार *परिणामकारक* आहे, भीती त्याची आहे. समजावून सांगते, आईंनाही वाचून दाखवा.

व्हेनेटोक्लॅक्सने पेशी इतक्या वेगाने फुटतात की त्यांच्या आतलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि त्यांपासून बनणारं युरिक अ‍ॅसिड एकदम रक्तात येतं. मूत्रपिंडांवर ताण येतो, पोटॅशियमने हृदयाची लय बिघडू शकते. याला ट्यूमर लायसिस म्हणतात. औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत यामुळे मृत्यूही झाले, आणि म्हणून आजची पद्धत आली: पहिला आठवडा रोज २० मिलिग्रॅम, मग ५०, १००, २०० आणि पाचव्या आठवड्यात ४००. सुरुवातीच्या पाकिटात प्रत्येक आठवड्याचा कप्पा वेगळा असतो. तुमच्या आखणीत ओबिनुटुझुमॅब आधी सुरू होईल, त्याने पेशींचा भार कमी होतो, मग व्हेनेटोक्लॅक्स. इथेही जोडीतलं एक औषध दुसऱ्याची वाट सोपी करतं.

गोळी सुरू होण्याच्या दोन दिवस आधीपासून भरपूर पाणी, दिवसाला दीड ते दोन लिटर (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती, ते डॉक्टरांना विचारून). युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल. पहिल्या डोसनंतर सहा-आठ तासांनी आणि चोवीस तासांनी रक्त. मात्रा वाढवतानाही तपासण्या, किती ते गाठींच्या आकारावरून ठरतं. या तपासण्या काहीतरी बिघडलंय म्हणून नसतात, बिघडू नये म्हणून असतात. पाच आठवडे नीट निघाले की पुढचा रस्ता बराच सपाट आहे. ओबिनुटुझुमॅबच्या पहिल्या सलाईनला थंडी-ताप येऊ शकतो, त्यासाठी ते सावकाश देतात.

एक गोष्ट मात्र तुम्ही करायची. बाबांच्या चालू गोळ्यांची यादी लिहा, रक्तदाबाचीही.

---

चैत्रपालवी

मेटफॉर्मिन, अ‍ॅटोर्वास्टॅटिन, आणि रक्तदाब व छातीत दुखायचं म्हणून डिल्टियाझेम. ते हृदयवाल्या डॉक्टरांनी दिलंय, रक्तवाल्या डॉक्टरांना मी सांगितलंय की नाही तेच आठवत नाही.

---

रक्तपेशी

डिल्टियाझेम सांगायलाच हवं, गोळी सुरू होण्याआधी. ते सीवायपी३ए अडवतं, म्हणजे २० ची गोळी शरीरात २० पेक्षा जास्त ठरते, आणि नेमक्या मात्रा वाढवण्याच्या आठवड्यांत ते परवडत नाही. एकतर हृदयाचे डॉक्टर ते बदलून देतील किंवा व्हेनेटोक्लॅक्सची मात्रा निम्मी किंवा त्याहून कमी ठेवावी लागेल. छातीत दुखण्यासाठी दिलेलं औषध आहे, त्यामुळे तुम्ही स्वतः बंद करू नका. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला सांगा.

---

चैत्रपालवी

उद्या सकाळीच दोघांना फोन करते. यादी लिहून झाली आहे, आईच्या हातात दिली.